फुफ्फुसांतल्या रक्तदाबासाठी नवं औषध: कोणत्या टार्गेटवर भरवसा ठेवावा?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या ३१ वर्षांच्या बहिणीला काही महिन्यांपूर्वी 'इडिओपॅथिक पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन' (कारण न सापडलेला, फुफ्फुसांच्या रोहिण्यांतला वाढलेला रक्तदाब) असं निदान झालं. टाडालाफिल आणि अँब्रिसेन्टान या दोन गोळ्या चालू आहेत. तुम्ही स्वतः बी. फार्म. झालेले, त्यामुळे या आजाराशी जोडलेल्या बीएमपीआर-टू, पीडीजीएफ, सेरोटोनिन वगैरे रेणूंबद्दल वाचत बसला आहात. चालू गोळ्या फक्त रक्तवाहिन्या रुंद करतात का, नव्या टार्गेटपैकी (म्हणजे औषध शरीरातल्या ज्या रेणूला गाठतं त्यांपैकी) खरं कोणतं, आणि सोटॅटरसेप्ट हे नवं औषध परदेशातून मागवावं का, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी ओझरतं हेही लिहिलंय, की सासरकडून बाळाबद्दल विचारणा सुरू झाली आहे.

मी फुफ्फुसरोगतज्ज्ञ आहे आणि या आजाराचे रुग्ण गेली बरीच वर्षं बघते. तिचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे 'हे औषध सुरू करा, ते थांबवा' असं मी म्हणणार नाही. कुठल्या टार्गेटकडे आशेने बघावं, कुठल्याकडे जपून, आणि त्या आशेच्या भरात आज काय सुटता कामा नये, एवढं मात्र सविस्तर सांगता येईल.

पहिली गोष्ट. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा आणि हा वेगळा. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीतला सरासरी दाब एरवी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन म्हणायचं. २०१८ पर्यंत ही रेषा २५ वर होती. दंडाचा रक्तदाब अगदी व्यवस्थित असलेल्या मुलीच्या फुफ्फुसांत हा दाब ५०-६० असू शकतो. म्हणून तर 'अशक्तपणा आहे', 'रक्त कमी आहे', 'टेन्शन घेतेस' हे ऐकत या मुली महिनोन्महिने फिरतात आणि जिना चढताना चक्कर येऊन पडल्या की मग कुणीतरी टू-डी एको करायला सांगतं.

पण दाब वाढलाय एवढं कळून कुठलंच टार्गेट ठरत नाही. तो का वाढला त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि नव्या औषधांबद्दलच्या बातम्यांत नेमकं हेच गाळलेलं असतं. या आजाराचे पाच गट करतात. बहिणीचा पहिला गट: दोष थेट फुफ्फुसांतल्या बारीक रोहिण्यांच्या भिंतीत. दुसऱ्यात दोष हृदयाच्या डाव्या बाजूला असतो, मग तो झडपेचा असो की स्नायूचा. तिसऱ्यात खुद्द फुफ्फुसं खराब झालेली असतात: चुलीच्या धुराने किंवा विडीने झालेली सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार), फायब्रोसिस (फुफ्फुसं आतून कडक होणं), टीबी बरा होऊन मागे राहिलेले व्रण. चौथ्यात रक्ताच्या जुन्या गाठी रोहिण्यांत अडकून बसलेल्या असतात. उरलेलं सगळं पाचव्यात. भारतात सगळ्यात मोठा गट दुसरा. केरळच्या राज्यव्यापी नोंदणीतही निम्म्याहून अधिक रुग्ण डाव्या हृदयाच्या आजाराचे निघाले.

हे इतकं ठासून सांगते, कारण चुकीच्या गटात चांगलं औषधही घात करतं. झडपेची दुरुस्ती होऊनही फुफ्फुसांतला दाब चढाच राहिलेल्या रुग्णांना सिल्डेनाफिल (टाडालाफिलच्याच जातीचं औषध) देऊन पाहिलं. 'सिओव्हॅक' नावाच्या त्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये छापून आला आणि औषध घेणाऱ्यांची तब्येत औषध न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली होती. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे इतके, की हा निकाल इथल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असायला हवा. फुफ्फुसांच्या फायब्रोसिसमध्ये अँब्रिसेन्टान, म्हणजे तुमची बहीण घेते तेच औषध, नुकसान करताना दिसलं. रिओसिग्वाट या दुसऱ्या गोळीचीही फायब्रोसिसमधली चाचणी मध्येच थांबवावी लागली. फुफ्फुसाचा जो भाग हवा घेतच नाही तिथली रोहिणी शरीराने शहाणपणाने आखडून ठेवलेली असते. गोळी पोटातून सगळीकडे पोचते, ती बंद वाट उघडते, आणि प्राणवायू न घेताच रक्त पुढे जातं. अशाच रुग्णांना ट्रेप्रोस्टिनिल हे रक्तवाहिनी रुंद करणारं औषध वाफेवाटे दिलं, तेव्हा ते हवा जाणाऱ्या भागातच पोचलं आणि फायदा झाला; २०२१ च्या 'इन्क्रीज' चाचणीत ३२६ रुग्णांवर हे दिसलं. म्हणजे टार्गेट बरोबर असून पुरत नाही, औषध तिथे कुठल्या वाटेने जातं तेही बघावं लागतं.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत म्हणून माझी पहिली चौकशी अशी असेल: हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन (नळी आत सरकवून दाब थेट मोजणं) झालंय का, की निदान नुसत्या एकोवर आहे? आणि व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसांत हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) झालाय का? चौथा गट 'इडिओपॅथिक'च्या नावाखाली दडून राहतो. साध्या सीटी अँजिओत जुन्या गाठी सुटू शकतात. त्या सापडल्या तर शस्त्रक्रियेने रोहिणी आतून साफ करता येते, आणि पाचही गटांत जवळजवळ पूर्ण बरं होण्याची सगळ्यात मोठी शक्यता त्यातच आहे. भारतात काही मोजक्या केंद्रांत हे ऑपरेशन होतं. जन्मजात छिद्र, यकृताचा आजार, एचआयव्ही, स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा आजार), भूक मारणारी औषधं, हेही तपासून बाद केलेलं असावं. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रियात अमिनोरेक्स या वजन घटवणाऱ्या गोळीने या आजाराची अक्षरशः साथ आली होती, म्हणून मी आजही प्रत्येकीला 'बारीक होण्यासाठी काही घेतलं होतंस का' असं विचारते.

हे सगळं तपासून झालेलं असेल असं धरून पुढे जाऊ.

आज हातात असलेली औषधं मुख्यतः तीन वाटांवर काम करतात. एन्डोथेलिन हा रेणू १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. रक्तवाहिनी आवळणाऱ्या, शरीरातच बनणाऱ्या रेणूंपैकी तो सर्वांत जहाल रेणूंमध्ये मोडतो. त्याचा रिसेप्टर (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) अडवणारं बोसेन्टान २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पुढे अँब्रिसेन्टान आणि मॅसिटेन्टान आले. दुसरी वाट नायट्रिक ऑक्साइडची. तो पेशीत सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार करवतो आणि स्नायू सैल पडतो. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल हे सीजीएमपी मोडू देत नाहीत, तर रिओसिग्वाट ते जास्त तयार करवतं. म्हणूनच या दोन प्रकारांची सांगड कधीच घालायची नाही, रक्तदाब धोकादायक कोसळतो. (सिल्डेनाफिल म्हणजेच व्हायग्रातलं औषध. त्याची चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलीकडे किंवा तिच्या वडिलांकडे केमिस्टच्या काउंटरवर लोक कसे बघतात, हे मला रुग्णांनी रडत सांगितलेलं आहे. चिठ्ठीवर मी आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिते.)

तिसरी वाट प्रोस्टासायक्लिनची. १९७६ मध्ये जॉन व्हेन, साल्वादोर मोंकादा आणि सहकाऱ्यांनी हा रेणू शोधला. त्यापासून आलेलं इपोप्रोस्टेनॉल १९९५ मध्ये मंजूर झालं. रक्तात ते काही मिनिटंच टिकतं, म्हणून छातीतल्या शिरेत कायमची नळी घालून पंपाने रात्रंदिवस द्यावं लागतं. त्याच्या मुख्य चाचणीत ८१ रुग्ण होते. १२ आठवड्यांत आठ जण गेले, आणि ते आठही इपोप्रोस्टेनॉल न मिळालेल्या गटातले होते. पन्नास वर्षांपूर्वी सापडलेला हा रेणू गंभीर रुग्णांत अजूनही आमचं सगळ्यात भक्कम शस्त्र आहे. माझ्या बहुतेक रुग्णांना पंप आणि त्याचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी त्याच रिसेप्टरवर काम करणारी सेलेक्सिपॅगची गोळी उरते.

ही औषधं 'फक्त रुंद करतात' का? बऱ्याच अंशी हो, आणि तुमची शंका रास्त आहे. पहिल्या गटात रोहिणी नुसती आवळलेली नसते. तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढत सुटलेल्या असतात, स्नायूंचा थर जाड झालेला असतो, कुठे कुठे तर नव्या पेशींच्या गुंतवळ्याने वाट बुजलेली असते. निव्वळ आवळलेपणाच मुख्य असलेले रुग्ण फार थोडे. कॅथ लॅबमध्ये नायट्रिक ऑक्साइड हुंगवून त्यांचा दाब झपकन उतरतो का ते बघतात. इडिओपॅथिक आजारातल्या दहातल्या एखाद्यालाच तसं होतं; पण त्यांतल्या साधारण निम्म्यांचं काम कॅल्शियम चॅनल ब्लॉकरसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांवर वर्षानुवर्षं भागतं. ही चाचणी झाली होती का, तेही विचारा.

तरीही या तीन वाटांना कमी लेखू नका. २०१५ च्या 'अँबिशन' चाचणीत टाडालाफिल आणि अँब्रिसेन्टान पहिल्या दिवसापासून एकत्र दिल्यावर, एकेकटं देण्यापेक्षा तब्येत ढासळण्याचा धोका निम्म्यावर आला. बहिणीला तीच जोडी दिलेली आहे, म्हणजे सुरुवात योग्य झाली आहे.

आता भिंतीतल्या वाढीकडे वळू. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच घडली. २००० मध्ये असं लक्षात आलं, की ज्या कुटुंबांत हा आजार पिढ्यान्पिढ्या येतो, तिथे बीएमपीआर-टू नावाच्या जनुकात बिघाड असतो. कौटुंबिक रुग्णांपैकी साधारण चारांतल्या तिघांत तो सापडतो, आणि घरात कुणालाही नसलेल्या रुग्णांतही पाचातल्या एखाद्यापर्यंत. या जनुकावरून बनणारा रिसेप्टर रक्तवाहिनीच्या पेशींना 'आता वाढू नका' असा निरोप देतो. तो निरोप क्षीण झाला, की समोरचा ॲक्टिव्हिन गटाचा 'वाढा' हा निरोप वरचढ ठरतो. जनुक शाबूत असलेल्या रुग्णांतही हा समतोल ढळलेला दिसतो, आणि म्हणूनच हे टार्गेट काही कुटुंबांपुरतं उरत नाही.

सोटॅटरसेप्ट इथे काम करतं. ॲक्टिव्हिनच्या रिसेप्टरचा बाहेरचा तुकडा अँटिबॉडीच्या शेपटाला जोडून ते बनवलेलं आहे. रक्तात फिरताना ते ॲक्टिव्हिनला वाटेतच धरतं, खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचूच देत नाही. मुळात हे औषध हाडं ठिसूळ होण्यावर शोधत होते. ते घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन वाढलं, म्हणून पुढे ॲनिमियात तपासलं, आणि मग फुफ्फुसांच्या रोहिण्यांसाठी. २०२३ मध्ये 'स्टेलर' चाचणी प्रसिद्ध झाली. ३२३ रुग्ण, २४ आठवडे. सहा मिनिटांत चालता येणारं अंतर सोटॅटरसेप्ट न मिळालेल्या गटापेक्षा सुमारे ४१ मीटरने वाढलं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. २०२५ मध्ये 'झेनिथ' चाचणीचा निकाल आला. त्यात अतिशय जोखमीचे १७२ रुग्ण होते, आणि मृत्यू, फुफ्फुस प्रत्यारोपण किंवा आजार बळावून इस्पितळात भरती होणं, यांचा एकत्रित धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. फायदा इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधी थांबवून सगळ्यांनाच औषध खुलं केलं. या आजारात असा आकडा मी माझ्या उमेदीच्या काळात कधी पाहिला नव्हता. त्यानंतर 'हायपेरियन' चाचणीत, निदान होऊन वर्षही न झालेल्या रुग्णांतही फायदा दिसला, म्हणजे तुमच्या बहिणीसारख्या रुग्णांत.

यातली एक गोष्ट मात्र बातम्यांत येत नाही. स्टेलरमधले साठ टक्क्यांच्या आसपास रुग्ण आधीच तिन्ही वाटांची औषधं घेत होते आणि बऱ्याच जणांना पंपावाटे प्रोस्टासायक्लिनही चालू होतं. सोटॅटरसेप्ट त्या सगळ्यावर वरून दिलं गेलं. जुनी औषधं सोडून हे एकटं घेतलं तर काय होईल, हे त्या चाचणीतून कळत नाही. शिवाय ते दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली टोचायचं औषध आहे आणि सुरुवातीचे डोस देण्याआधी दर वेळी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघावे लागतात. हिमोग्लोबिन फार चढलं तर रक्त दाट होतं, प्लेटलेट उतरल्या तर रक्तस्रावाची भीती, आणि नाकातून रक्त येणं, त्वचेवर लाल जाळी उमटणं हे बऱ्याच जणांत दिसतं.

बाकीच्या टार्गेटबद्दल तुम्ही जे वाचलंत, त्यातलं बरंचसं उंदरांवरचं आहे. खुळखुळ्याच्या जातीच्या झाडांत मोनोक्रोटॅलिन नावाचं विष असतं. ते टोचल्यावर तीन-चार आठवड्यांत उंदरांच्या फुफ्फुसांतला दाब चढतो आणि मग त्यांच्यावर औषधं तपासतात. हे उंदीर कितीतरी औषधांनी बरे झालेत. माणसाचा आजार वर्षानुवर्षं मुरत आलेला असतो, तो तसा हटत नाही.

पीडीजीएफ हे त्यातल्या त्यात वजनदार टार्गेट. पेशींना वाढायला लावणारा हा रेणू ज्या किनेजवर (वाढीचा निरोप पेशीत पुढे देणाऱ्या एन्झाइमवर) चालतो, ते अडवणारं इमॅटिनिब रक्ताच्या कर्करोगात आपल्याकडे सर्रास वापरतात. २०१३ च्या 'इम्प्रेस' चाचणीत २०२ रुग्णांवर ते तपासलं. दाब उतरला, चालण्याचं अंतरही वाढलं. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आठ रुग्णांच्या कवटीत, मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. टार्गेट चुकीचं नव्हतं, किंमत न परवडणारी होती. मग इमॅटिनिब श्वासावाटे द्यायचा प्रयत्न झाला, तो २०२४ मध्ये फसला. सेरालुटिनिब हे त्याच घराण्यातलं, खास श्वासावाटे देण्यासाठी घडवलेलं औषध. मी त्याच्याकडे लक्ष ठेवून आहे. इथे एक कळकळीची विनंती. इमॅटिनिब आपल्या बाजारात सहज आणि स्वस्त मिळतं म्हणून बहिणीला स्वतःहून सुरू करायचा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाका.

सेरोटोनिनची गोष्ट त्याहून बोलकी आहे. अमिनोरेक्सची साथ, फेनफ्लुरामिन या वजन घटवणाऱ्या दुसऱ्या गोळीचे बळी, उंदरांवरचे सुंदर निकाल, सगळं त्या दिशेने बोट दाखवत होतं. सेरोटोनिन तयारच होऊ न देणारं रोडाट्रिस्टॅट रुग्णांना दिलं, तर फुफ्फुसांतला अडथळा उलट वाढला. सूज आणि प्रतिकारशक्तीच्या बाजूने टोसिलिझुमॅब वापरून पाहिलं, उपयोग झाला नाही. पेशींच्या चयापचयावर काम करणारं डायक्लोरोॲसिटेट काही रुग्णांना लागू पडलं आणि काहींना नाही, आणि तो फरक त्यांच्या जनुकांतल्या ठरावीक बदलांशी जुळत होता. २०१७ चं ते काम लहान आहे, पण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'कोणतं टार्गेट' या प्रश्नाचं उत्तर रुग्णागणिक वेगळं असू शकतं हे त्यातून दिसतं. हिफ-टू अल्फा (प्राणवायू कमी पडला की जागं होणारं प्रथिन) अडवण्याचं काम मात्र या आजारात अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

तेव्हा माझा क्रम असा: आज ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल असं नवं टार्गेट एकच, ॲक्टिव्हिन, पीडीजीएफकडे सावध आशेने बघा, बाकीच्यांची तूर्त वाट बघू नका.

आता थांबायचं की मागवायचं. आधी ती आज कुठे आहे ते पाहा. मी भेटीला येणाऱ्या रुग्णात तीन गोष्टी बघते: घरातली कामं करताना किती दम लागतो, सहा मिनिटांत किती चालते, आणि रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा पदार्थ). ४४० मीटरपेक्षा जास्त चाल, ३०० पेक्षा कमी एनटी-प्रोबीएनपी आणि रोजच्या कामांत फारसा त्रास नाही, असं असेल तर ती कमी जोखमीत आहे. मग चालू जोडी नेमाने घ्यायची आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासायचं. आकडे त्याहून वाईट असतील तर तिसरी वाट, म्हणजे सेलेक्सिपॅग किंवा पंप, किंवा टाडालाफिल बंद करून रिओसिग्वाट, हे आताच बोलायला हवं. सोटॅटरसेप्टसाठी पैसे जमवेपर्यंत सेलेक्सिपॅग लांबवलं, असं होऊ देऊ नका. उजवं हृदय एकदा थकलं की परत येणं फार कठीण असतं. सोटॅटरसेप्टची गरज डॉक्टरांनाही वाटली, तर वैयक्तिक वापरासाठी औषध आयात करण्याचा परवाना मिळतो, त्याला नमुना १२-ब म्हणतात, आणि अर्जासोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण औषध आणणं हे काम अर्धंच. ते थंड साखळीत टिकवणं, आधी रक्त तपासणं आणि दर तीन आठवड्यांना अखंड परवडणं, या तिन्हींची सोय पुढच्या वर्षभरासाठी दिसत असेल तरच सुरू करा. मध्येच थांबावं लागेल अशा बेताने सुरू करण्याच्या मी विरोधात आहे.

आणि बाळाबद्दल, जे तुम्ही एका ओळीत उरकलंत. अँब्रिसेन्टान एन्डोथेलिनचा जो रिसेप्टर अडवतं, तोच गर्भाचा चेहरा आणि हृदय घडायला लागतो, म्हणून ते चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. औषध बदललं तरी प्रश्न सुटत नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळपास दीडपट होतं, तो भार तिच्या उजव्या हृदयाला पेलत नाही, आणि बाळंतपणानंतरचे दिवस तर सर्वांत धोक्याचे असतात. उपचार सुधारले आहेत, तरी या आजारात गर्भधारणा टाळा असंच आम्ही आजही सांगतो. खात्रीचं गर्भनिरोधन हा तिच्या उपचाराचाच भाग आहे. बोसेन्टान घेणाऱ्यांत साध्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, त्यामुळे पुढे औषध बदललं तर हेही पुन्हा विचारा. दत्तक, सरोगसी यांवर नंतर शांतपणे बोलता येईल. पण हे सगळं सासरच्यांना समजावण्याचं ओझं तिच्या एकटीवर टाकू नका. पुढच्या भेटीला तिच्या नवऱ्याला सोबत न्या आणि हे त्याला थेट डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.